रिंग जाते, आवाज येत नाही

1999 च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि संशोधन गटांचे अभियंते आपापली यंत्रं घेऊन जमले. विकायला कोणी काही आणलं नव्हतं. काम एवढंच होतं की माझ्या यंत्रावरून तुझ्या यंत्राला फोन लावायचा आणि तो लागतो का ते बघायचं. नाही लागला, तर चूक तुझ्या प्रोग्रामची, माझ्या प्रोग्रामची की दोघांनी वाचलेल्या नियमपुस्तकाची, हे तिथेच बसून शोधायचं.

ते नियमपुस्तक, म्हणजे ‘आरएफसी’ या इंटरनेटच्या दस्तऐवजमालेतलं क्रमांक 2543, प्रसिद्ध होऊन जेमतेम महिना झाला होता. त्यात वर्णन होतं ते सेशन इनिशिएशन प्रोटोकॉलचं, तोंडी भाषेत ‘सिप’चं. या जमवाजमवीला सुरुवातीला ‘बेक-ऑफ’ म्हणत. पण त्या नावावर अमेरिकेतल्या पिल्सबरी या पिठाच्या कंपनीचा हक्क निघाला. तिची केक-बिस्किटांची स्पर्धा त्याच नावाने चालत असे. मग अभियंत्यांनी नाव बदलून ‘सिपिट’ केलं. पुढची कित्येक वर्षं, कधी या देशात कधी त्या देशात, हे मेळावे भरत राहिले.

इंटरनेटवरून आवाज पाठवता येतो, हे तोवर सिद्ध होऊन पंचवीस वर्षं झाली होती. अडलं होतं ते आवाजाआधीचं काम. समोरच्याला शोधायचं, त्याची घंटी वाजवायची, त्याने उचलला की बोलणं जोडायचं आणि ठेवला की तोडायचं. या कामाला सिग्नलिंग म्हणतात. ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण एका छोट्या, सुटसुटीत प्रोटोकॉलने सुरू झालेला हा प्रयोग पुढे इतका फुगला, की त्याच्या एका मूळ लेखकालाच 2009 मध्ये सगळ्या पुरवण्यांची वाट दाखवणारं स्वतंत्र मार्गदर्शक लिहावं लागलं.

शिट्टी आणि एक्स्चेंज

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या लाइनींवर बोलणं आणि सिग्नलिंग एकाच मार्गाने जात असे. 2600 हर्ट्झचा सूर आला की एक्स्चेंजने समजायचं, ही लाइन मोकळी आहे. सूर कोण काढतंय, हे एक्स्चेंजला कळायचा मार्ग नव्हता, त्यामुळे तो काढणाऱ्याला फुकट फोन लावण्याची वाट उघडे. जो एंग्रेसिया या जन्मांध मुलाला तोंडाने शीळ घालून तो सूर काढता यायचा. जॉन ड्रेपरला ‘कॅप्टन क्रंच’ या न्याहारीच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या शिट्टीचं मर्म कळलं, आणि त्या खोक्याचं नावच त्याला चिकटलं. ऑक्टोबर 1971 च्या ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबॉम यांनी या फुकट्या फोनबहाद्दरांवर लेख लिहिला. तो वाचून स्टीव्ह वोझनियाक आणि स्टीव्ह जॉब्स या दोन तरुणांनी तसे सूर काढणारा ‘ब्लू बॉक्स’ बनवून विकला. ‘ॲपल’ अजून जन्मायची होती.

फोन कंपन्यांनी यावर उपाय केला तो सिग्नलिंगसाठी वेगळं जाळं उभारण्याचा. एटी अँड टीने 1976 पासून तशी यंत्रणा बसवायला घेतली, आणि 1980 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘सिग्नलिंग सिस्टिम 7’ हे मानक ठरवलं. ग्राहकाच्या शिट्टीचा आता एक्स्चेंजशी संबंध उरला नाही. पण या वेगळ्या जाळ्यालाही त्याचे आजार होते. 15 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कमधलं एटी अँड टीचं एक एक्स्चेंज बिघडून पुन्हा सुरू झालं आणि ‘मी परत आलो’ असा निरोप त्याने शेजाऱ्यांना धाडला. तो पचवताना शेजाऱ्यांच्या प्रोग्राममधली चूक उघडी पडली. तेही बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि त्यांनीही तसेच निरोप धाडले. देशभरातली 114 एक्स्चेंज सुमारे नऊ तास एकमेकांना पाडत राहिली. मुळाशी होती सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये चुकीच्या जागी पडलेली ‘ब्रेक’ ही एका शब्दाची आज्ञा.

याच काळात टेलिफोनवाल्यांच्या नजरेआड दुसरी एक परंपरा वाढत होती. 1974 मध्ये इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरून दक्षिण कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन प्रयोगशाळेच्या दरम्यान पॅकेटांमधून आवाज गेला. डॅनी कोहेन यांनी लिहिलेला त्यासाठीचा प्रोटोकॉल 1977 मध्ये आरएफसी 741 म्हणून प्रसिद्ध झाला. मार्च 1992 मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळाच्या सॅन दिएगो बैठकीचा आवाज इंटरनेटवरून दूरदूरच्या ठिकाणी एकाच वेळी ऐकवण्यात आला. फेब्रुवारी 1995 मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने घरच्या संगणकावर चालणारा ‘इंटरनेट फोन’ बाजारात आणला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत माणसं एकमेकांना शोधायची ती आयआरसी या गप्पांच्या सर्व्हरवर. घंटी वाजवण्याचा सर्वांना लागू होईल असा नियम अजून कुठे नव्हता.

दोन घराणी

हा नियम लिहायला दोन वेगळी घराणी पुढे आली. एक जिनिव्हाची आयटीयू, म्हणजे टेलिफोन कंपन्यांची आणि सरकारांची जुनी संघटना. तिने 1996 मध्ये एच.323 हे मानक मंजूर केलं. त्याच्या नावातच जपून टाकलेलं पाऊल दिसतं: सेवेच्या दर्जाची हमी नसलेल्या स्थानिक जाळ्यांवरील दृश्य-टेलिफोन यंत्रणा. त्यात आयएसडीएन टेलिफोनचं सिग्नलिंग जवळपास जसंच्या तसं आणलं होतं, आणि निरोप एएसएन.1 नावाच्या पद्धतीने बिट न बिट आवळून भरलेले असत. जागा कमी लागे, पण असा निरोप उघड्या डोळ्यांनी वाचणं अशक्य. तो उलगडण्यासाठी खास साधन लागे आणि ते महाग असे. ऑस्ट्रेलियातले क्रेग सदरन आणि रॉबर्ट जोंगब्लड यांनी 1998 मध्ये मुक्त स्रोताचा ‘ओपनएच323’ प्रकल्प हाती घेतला, तेव्हा ते साधनही त्यांनी घरीच तयार केलं.

एच.323 ची पहिली आवृत्ती फोन जोडायला फार वेळ घ्यायची. आधी कॉलसाठी एक टीसीपी जोडणी, मग आवाजाच्या वाटाघाटींसाठी दुसरी, मग कोणाला कोणती आवाज-पद्धत झेपते याची देवाणघेवाण, मग दोघांत वरचढ कोण ते ठरवणं, आणि शेवटी आवाजाचे मार्ग उघडणं. प्रत्येक पायरीला निरोपाची जा-ये. ऑफिसातल्या जाळ्यावर हे खपून जाई. समुद्रापार मात्र माणूस ‘हॅलो’ म्हणून मोकळा व्हायचा आणि यंत्रं अजून वाटाघाटीतच असायची. 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर झटपट जोडणीची तोड काढण्यात आली.

दुसरं घराणं आयईटीएफचं. तिथे फेब्रुवारी 1996 मध्ये दोन मसुदे सादर झाले. एक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले मार्क हँडली आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या ईव्ह स्कूलर यांचा ‘सेशन इन्व्हिटेशन प्रोटोकॉल’. दुसरा बर्लिनमधून हेनिंग शुल्झरिन यांनी पाठवलेला ‘सिंपल कॉन्फरन्स इन्व्हिटेशन प्रोटोकॉल’. दोन्ही नावांत निमंत्रण आहे, कारण या मंडळींच्या डोळ्यांसमोर फोन नव्हता. इंटरनेटवरून चालणाऱ्या व्याख्यानांना आणि बैठकांना माणसांना बोलवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. वर्ष संपता संपता दोन्ही मसुदे एक झाले. पहिल्याचं आद्याक्षरी नाव टिकलं, दुसऱ्याची ईमेलसारखी पत्त्याची कल्पना आली, आणि ‘इन्व्हिटेशन’च्या जागी ‘इनिशिएशन’ बसलं.

एकत्र झालेलं सिप साध्या अक्षरांत लिहिलेलं होतं. वेबच्या एचटीटीपीवरून त्याची घडण उचललेली. पहिल्या ओळीत क्रियापद आणि पत्ता, खाली शीर्षओळी. बोलावणं म्हणजे ‘इन्व्हाइट’, ठेवणं म्हणजे ‘बाय’. उत्तरं आकड्यांत: 180 म्हणजे रिंग वाजते आहे, 200 म्हणजे उचलला, 486 म्हणजे बिझी, आणि असा कोणी नसेल तर वेबवाल्यांच्या ओळखीचा 404. आत आणखी एक छोटा मजकूर, ज्यात ‘माझा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर, या पद्धतीने पाठव’ असं लिहिलेलं. वेबसाइट करणाऱ्या कोणालाही हे वाचून हायसं वाटे. शहाणपण एक्स्चेंजच्या पोटात न ठेवता दोन टोकांच्या यंत्रांत ठेवायचं, मधल्या सर्व्हरने फक्त वाट दाखवायची, ही त्यामागची भूमिका.

वाचायला सोपं

माणसाला वाचायला सोपं ते यंत्राला सोपं असतंच असं नाही, हे मेळाव्यांत लवकर कळलं. सिपच्या व्याकरणाने सवलती भरपूर दिल्या होत्या. शीर्षओळीचं नाव लहान लिपीत लिहा की मोठ्या, चालेल. ‘फ्रॉम’ पूर्ण लिहा किंवा एकाच अक्षरात आटपा, चालेल. ओळ मध्येच मोडून पुढच्या ओळीवर न्या, जागा सोडून सुरुवात केली की ती आधीचीच ओळ समजायची. एकाच नावाच्या चार ओळी लिहा किंवा स्वल्पविराम देऊन एकीत कोंबा. प्रत्येक सवलत निरोप लिहिणाऱ्याच्या सोयीची आणि वाचणाऱ्याच्या जिवावर उठणारी.

रॉबर्ट स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळाव्यांत सापडलेले असे नमुने गोळा केले आणि मे 2006 मध्ये ते आरएफसी 4475 म्हणून छापले. त्याच्या नावात ‘टॉर्चर टेस्ट’ हे शब्द आहेत आणि ते अतिशयोक्त नाहीत. त्यातला पहिलाच निरोप नियमाप्रमाणे शंभर टक्के शुद्ध आहे. पण त्यात मोडलेल्या ओळी आहेत, नको तिथे मोकळ्या जागा आहेत, अनोळखी शीर्षओळी आहेत, आणि पाठवणाऱ्याच्या नावात अवतरणचिन्ह असं दडवलंय की घाईत लिहिलेल्या प्रोग्रामला नाव कुठे संपलं तेच कळू नये. शुद्ध निरोप नाकारणारा प्रोग्राम चूक, आणि त्याच पुस्तकातले अशुद्ध निरोप निमूट स्वीकारणाराही चूक.

पण खरी परीक्षा घेतली ती फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या सुरक्षा संशोधकांनी. त्यांच्या ‘प्रोटोस’ प्रकल्पाने फक्त ‘इन्व्हाइट’ या एका निरोपाचे साडेचार हजारांहून अधिक वेडेवाकडे नमुने तयार करून बाजारातल्या सिप यंत्रांवर सोडले. फेब्रुवारी 2003 मध्ये इशारा निघाला की अनेक कंपन्यांची यंत्रं यामुळे कोलमडतात, काहींत बाहेरच्याला शिरकावही करता येतो. सिपवाल्यांना हसावं, तर जानेवारी 2004 मध्ये त्याच संशोधकांच्या चाचण्यांतून एच.323 च्या यंत्रांबद्दल तसाच इशारा आला. अक्षरांत लिहा की बिटांत आवळा, परक्याकडून आलेला निरोप वाचणं हेच धोक्याचं काम होतं.

दरम्यान नियमपुस्तक नव्याने लिहावं लागलं होतं. जून 2002 मध्ये आलेल्या आरएफसी 3261 ची पानं भरली 269, आणि लेखक होते आठ. त्यात एक गमतीदार खूण आहे. प्रत्येक निरोपाच्या ओळखक्रमांकाची सुरुवात ‘झेड-9-एच-जी-4-बी-के’ या सात चिन्हांनीच करायची. या चिन्हांना अर्थ काही नाही. जुन्या पुस्तकाने चालणाऱ्या यंत्राकडून योगायोगाने हीच सात चिन्हं येणार नाहीत, एवढाच हिशोब. ती दिसली की समजायचं, समोरचा नवं पुस्तक वाचून आला आहे. जगभरात आजही रोज असंख्य कॉल ही सात निरर्थक चिन्हं कपाळावर घेऊन फिरतात.

नव्या पुस्तकाने वेळेचं गणितही बांधून दिलं. सिप बहुधा यूडीपीवरून चाले, आणि यूडीपीत निरोप पोचल्याची हमी नसते. म्हणून उत्तर आलं नाही तर अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवायचं, मग एका सेकंदाने, मग दोन, चार, असं दुप्पट करत. ‘इन्व्हाइट’ असा सात वेळा जातो, आणि 32 सेकंद झाले की नाद सोडायचा. फोन उचलला गेला की ‘200 ओके’ येतं, आणि ते मिळाल्याची पोच ‘ॲक’ या निरोपाने द्यायची. ही पोच हरवली तर? उचलणाऱ्याचं यंत्र ‘200 ओके’ पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. इकडे दोघं निवांत गप्पा मारत असतात, आणि 32 सेकंदांनी यंत्र ठरवतं की पलीकडे कोणी नाही, मग फोन ठेवून देतं. नेमका अर्ध्या मिनिटाने तुटणारा कॉल ही सिपच्या धंद्यातली इतकी ठरलेली तक्रार आहे, की जाणता माणूस तेवढं ऐकूनच सांगतो, ‘ॲक पोचत नाही.’

पाकीट आणि पत्र

आणि ॲक पोचत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच निघे: नॅट. इंटरनेटचे पत्ते कमी पडणार हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं. 1994 च्या आरएफसी 1631 ने तात्पुरता उपाय सुचवला. घरातल्या किंवा ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना आतले खासगी पत्ते द्या, आणि बाहेर जाताना दारावरच्या राउटरने तो पत्ता पुसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहावा. हेच नॅट. वेबला आणि ईमेलला त्याचा त्रास झाला नाही. सिपचं मात्र कंबरडं मोडलं. राउटर बदलायचा तो पाकिटावरचा पत्ता. सिपने ‘माझा आवाज इथे पाठव’ हे लिहिलेलं असायचं आतल्या पत्रात, आणि ते तसंच राहायचं. समोरचं यंत्र विश्वासाने पत्रातल्या खासगी पत्त्यावर आवाज पाठवी, ॲकही पाठवी. तो पत्ता बाहेरच्या जगात अस्तित्वातच नसे.

परिणाम विचित्र असायचा. रिंग जायची, समोरचा उचलायचा, त्याला आपलं बोलणं नीट ऐकू जायचं, आपल्याला मात्र पलीकडून काहीही नाही. सिग्नलिंगच्या नोंदी तपासाव्यात तर कॉल यशस्वी. राउटर बनवणाऱ्यांनी मदतीच्या उत्साहात पत्र फोडून आतला पत्ताही बदलायची सोय दिली. ती बऱ्याचदा अर्धवट असे, एका ओळीत बदल करी आणि दुसरीत विसरे. मग तंत्रज्ञाचा पहिला सल्ला ‘राउटरमधली ती सोय बंद करा’ हा होऊन बसला.

सिपच्या नव्या पुस्तकाचे मुख्य लेखक जोनाथन रोझेनबर्ग यांनी या प्रश्नाच्या मागे अनेक वर्षं घालवली. मार्च 2003 मध्ये ‘स्टन’ आलं: फोनने बाहेरच्या एका सर्व्हरला विचारायचं, ‘तुला माझा पत्ता काय दिसतो?’ आणि तोच पत्रात लिहायचा. पण राउटरांच्या तऱ्हा अनेक. काही जण प्रत्येक समोरच्यासाठी वेगळा पोर्ट उघडत, तिथे स्टनचं उत्तर निरुपयोगी. मग ‘टर्न’ आलं, ज्यात आवाज मधल्या एका सर्व्हरमार्फत फिरवायचा. आणि शेवटी ‘आइस’: दोन्ही बाजूंनी आपले सगळे शक्य पत्ते एकमेकांना कळवायचे, एकेक जोडी करून बघायची, आणि जी चालेल ती धरायची. टर्न आणि आइसची अधिकृत मानकं निघायला एप्रिल 2010 उजाडलं. तोवर तात्पुरता उपाय सोळा वर्षांचा झाला होता.

जग इतका वेळ थांबणार नव्हतं. ऑगस्ट 2003 मध्ये स्काइप आलं. त्यात मानक नव्हतं, प्रोटोकॉल बंदिस्त होता. ज्यांच्या संगणकाला सार्वजनिक पत्ता आहे त्यांच्यामार्फत ते इतरांचे कॉल वळवायचं. वापरणाऱ्याला राउटरचं नावही माहीत असण्याची गरज नव्हती. फोन लागायचा, आवाज यायचा. ग्राहकाच्या लेखी वाद तिथेच संपला.

एकाच वेळी दहा ठिकाणी

सिपची एक देखणी कल्पना म्हणजे फाटे फोडणं. एका पत्त्यावर फोन आला की सर्व्हरने तो घरच्या, ऑफिसच्या आणि खिशातल्या फोनवर एकदम वाजवायचा. पण दोन ठिकाणी एकाच क्षणी उचलला गेला तर? फोन करणाऱ्याला दोन ‘200 ओके’ येतात, आणि दोन्हींना पोच देऊन एक कॉल तोडावा लागतो. करणाऱ्याने कंटाळून ‘कॅन्सल’ पाठवलं आणि त्याच क्षणी पलीकडून ‘उचलला’ असा निरोप निघाला तर? दोन्ही निरोप वाटेत एकमेकांना ओलांडतात, आणि नंतर कोणी काय समजायचं याचे नियम हवेत. जपानच्या एनटीटी समूहातल्या अभियंत्यांच्या पुढाकाराने अशा चुकामुकींचे नमुने 2008 मध्ये आरएफसी 5407 म्हणून निघाले. एका कॉलच्या आयुष्यात अशा किती फटी असतात, हे त्यातल्या आकृत्या पाहून कळतं.

फाट्यांचा खरा धोका मात्र वेगळाच निघाला. दोन पत्ते असे नोंदवायचे की प्रत्येकावर आलेला फोन पुन्हा त्याच दोघांकडे फुटेल. मग एका निरोपाचे दोन, दोनांचे चार. निरोपाने जास्तीत जास्त किती सर्व्हर ओलांडावेत याची ठरलेली मर्यादा होती 70. म्हणजे एका ‘इन्व्हाइट’मधून 2 च्या 70व्या घाताइतके निरोप, एकावर एकवीस शून्यांहून मोठा आकडा. गंमत अशी की जुन्या पुस्तकात सर्व्हरने निरोप फिरून आला का ते तपासणं सक्तीचं होतं. नव्या पुस्तकाने सत्तरची मर्यादा पुरेशी मानून ती तपासणी ऐच्छिक केली. 2008 च्या आरएफसी 5393 ने फाटे फोडणाऱ्या सर्व्हरवर ती पुन्हा लादली.

त्याच वर्षीच्या आरएफसी 5390 ने गर्दीचा प्रश्न मांडला. सर्व्हर थकला की उत्तर द्यायला उशीर होतो. उत्तर आलं नाही की फोन निरोप पुन्हा पाठवतात. म्हणजे थकलेल्यावर बोजा वाढतो तो नेमका थकल्यामुळे. शहराची वीज जाऊन आली की हजारो फोन एकदम नोंदणीला धावतात, तेही याच जातीचं संकट. त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट 2007 मध्ये, स्काइपने याचा अनुभव घेतला होता. विंडोजच्या अपडेटनंतर असंख्य संगणक थोड्या अवधीत बंद होऊन सुरू झाले, सगळ्यांनी एकदम प्रवेश मागितला, आणि सेवा सुमारे दोन दिवस आडवी झाली. 1990 च्या एक्स्चेंजांचं दुखणं नव्या घरातही भेटलं.

टेलिफोनवाले परत येतात

नोव्हेंबर 2000 मध्ये मोबाइल मानकं ठरवणाऱ्या 3जीपीपीने पुढच्या पिढीच्या आवाजासाठी सिप निवडलं. आयईटीएफसाठी हा विजय होता, पण त्याची किंमत होती. सिपचे निरोप लांबलचक, आणि त्या काळचा रेडिओ मार्ग अरुंद. म्हणून ते दाबून पाठवायची ‘सिगकॉम्प’ ही पद्धत जानेवारी 2003 मध्ये आली. माणसाला वाचता यावेत म्हणून अक्षरांत ठेवलेले निरोप आता हवेतून जाताना कोणालाच वाचता येत नव्हते. शिवाय कंपन्यांना बिल हवं, रोमिंग हवं, कोणत्या टॉवरखालून फोन आला ती माहिती हवी. त्यासाठी खास शीर्षओळींची भर पडली.

कंपन्यांनी आपल्या जाळ्याच्या सीमेवर ‘सेशन बॉर्डर कंट्रोलर’ नावाची यंत्रं बसवली. ती दोन्ही बाजूंना तोंड देतात. इकडच्याला वाटतं हाच समोरचा, तिकडच्याला वाटतं हाच फोन करणारा. ती पत्ते बदलतात, नकोशा ओळी कापतात, दोन कंपन्यांच्या बोलीतले फरक बुजवतात, नॅटची गाठही सोडवतात. मधल्याने पत्राला हात लावायचा नाही या आयईटीएफच्या मूळ भूमिकेला हे पूर्ण विरोधी. तरीही त्यांच्याशिवाय काम चालत नव्हतं. 2010 मध्ये आयईटीएफनेच त्यांच्यावर एक दस्तऐवज काढून वस्तुस्थिती कागदावर आणली.

याचा फटका विश्वासाला बसला. सिपमध्ये ‘फ्रॉम’च्या ओळीत कोणीही काहीही लिहू शकतो. 2006 मध्ये आरएफसी 4474 ने निरोपावर डिजिटल सही करायचा उपाय दिला. पण सीमेवरची यंत्रं निरोप बदलत, आणि निरोप बदलला की सही खोटी ठरे. तो उपाय कागदावरच राहिला. खोट्या नंबरांवरून येणाऱ्या कॉलनी अमेरिका बेजार झाली, तेव्हा 2018 मध्ये सहीची नवी पद्धत आली. तिच्यात सही फक्त नंबर आणि वेळ अशा मोजक्या गोष्टींवर असते. अमेरिकी नियामकाने मोठ्या कंपन्यांना ती 30 जून 2021 पर्यंत लावायला सांगितली.

आपल्याकडे अडचण तंत्राआधी कायद्याची होती. 1999 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलं. परदेशी फोनची मक्तेदारी तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमाकडे होती, आणि संगणकावरून अमेरिकेला फोन लागू लागला तर ती पोखरली जाणार हे उघड होतं. 1 एप्रिल 2002 ला दार किलकिलं झालं. संगणकावरून संगणकाला किंवा परदेशातल्या फोनला बोला, देशातल्या फोनला मात्र नाही. ही भिंत पडायला 2018 उजाडलं. गंमत म्हणजे त्याआधीच सिप मागच्या दाराने घरोघरी पोचलं होतं. 5 सप्टेंबर 2016 ला नवी मुंबईतून कारभार चालवणाऱ्या जिओने सेवा सुरू केली. जुन्या पद्धतीचं टूजी-थ्रीजी जाळं तिच्याकडे नव्हतंच, त्यामुळे प्रत्येक कॉल 4जीवरून, म्हणजे सिपच्या ‘इन्व्हाइट’ने सुरू होणारा. इंटरनेट टेलिफोनीच्या परवानगीवर दिल्लीत खल चालू होता आणि कोट्यवधी माणसं तिच्याच प्रोटोकॉलने ‘हॅलो’ म्हणत होती.

जिंकलं कोण

2011 मध्ये ब्राउझरमधून थेट बोलण्यासाठीच्या ‘वेबआरटीसी’चं काम सुरू झालं, तेव्हा आयईटीएफने एक निर्णय घेतला. आवाज कसा वाहून न्यायचा, आइसने वाट कशी शोधायची, हे ठरवायचं. घंटी कशी वाजवायची, हे ज्याचं त्याने बघावं. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर सिग्नलिंग मानकाबाहेर ठेवण्यात आलं, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं. त्याचा अर्थ मात्र दूरगामी निघाला. प्रत्येक ॲपने आपली घंटी स्वतः केली, आणि एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर फोन लावायची सोय कोणाच्याच यादीत उरली नाही.

म्हणून सिपचा हिशोब दुहेरी आहे. टेलिफोन कंपन्यांच्या आत ते पूर्ण जिंकलं, मोबाइलचा 4जी कॉल आज त्याच्यावरच चालतो. पण कोणीही, कोणत्याही कंपनीचा असो, ईमेलसारख्या पत्त्यावर कोणालाही फोन लावू शकेल, हे मूळ वचन राहून गेलं. ते प्रोटोकॉलच्या चुकीने मेलं नाही. नॅटने त्याची वाट अडवली, सीमेवरच्या यंत्रांनी ते दारात थांबवलं, आणि ज्यांना आपले ग्राहक आपल्याच कुंपणात हवे होते त्यांनी ते कधी मागितलंच नाही. आता ते मागतोय कायदा. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली सप्टेंबर 2023 मध्ये मेटासारख्या कंपन्या ‘द्वारपाल’ ठरल्या, आणि मागणी आली तर चार वर्षांच्या आत, म्हणजे 2027 पर्यंत, दुसऱ्या ॲपवरून आपल्या ॲपवर आवाजी कॉल लागायची सोय त्यांना द्यावी लागणार आहे. 1996 च्या दोन मसुद्यांनी जे गृहीत धरलं होतं, ते एकतीस वर्षांनी दंडाची भीती दाखवून मिळवावं लागतंय. आणि मिळालं तरी दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना पहिला प्रश्न तोच सोडवावा लागेल: परक्याकडून आलेल्या निरोपावर विश्वास ठेवून घंटी वाजवायची की नाही.